सर्कलसाहेबांची साखर

मुरारराव भेलोसकरांनी सर्कल इन्स्पेक्टर म्हणून महाड-पोलादपूरचे डोंगर पायाखाली घातले, पण कुणाची कोंबडी खाल्ली नाही, कुणाचं तूप चाखलं नाही, की कुणाच्या आंब्याखाली सावलीला उभं राहून वर पाहिलं नाही. ही शेवटची गोष्ट त्यांचे वैरीसुद्धा मान्य करत. वाडीवर पोचलं की पडवीत घोंगडी पडायची, तांब्याभर पाणी आणि वाटीत गुळाचा खडा यायचा. तेवढं ते घ्यायचे. "गूळपाणी ही लाच नव्हे, ती माणुसकी," असं ते हाताखालच्या तलाठ्यांना बजावत, आणि तलाठी मान डोलावून स्वतःपुरती माणुसकीची व्याख्या जरा सैल करून घेत. मुराररावांना ते जमणारं नव्हतं. त्यांच्याजवळ जमीन नव्हती, गळ्यात गोफ नव्हता, मुंबईत वजनदार मेहुणा नव्हता. होतं ते एवढं नाव.

अशा माणसाच्या लघवीत साखर सापडली.

पायांची आग होते म्हणून ते डॉक्टरांकडे गेले होते. डॉक्टरांनी पाय पाहिलेच नाहीत. काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात मुराररावांनी दिलेला ऐवज थेंब थेंब सोडला आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळं पाणी हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं झालं आणि शेवटी थेट मंगलोरी कौलासारखं तांबडं झालं. डॉक्टरांना मनापासून आनंद झाला.

"काय सुरेख रंग आलाय," ते म्हणाले. "आता गूळ बंद, साखर बंद, भात निम्मा."

"कुठवर?"

"तुम्ही आहात तोवर."

मुरारराव घरी आले ते गल्लीतून, पेठेतून नव्हे. मरणाची भीती त्यांना वाटली नाही असं नाही, पण ती दुसऱ्या नंबरावर होती. हा रोग लोडाला टेकून बसणाऱ्यांचा. सावकारांना होतो, इनामदारांना होतो, ज्यांच्या घरी श्रीखंडाला निमित्त लागत नाही त्यांना होतो. सरकारी पगारावर डोंगर चढणाऱ्या सर्कलला तो झाला असं बाहेर कळलं, तर लोक तब्येत विचारणार नाहीत. लोक विचारतील, एवढं गोड याने खाल्लं कुणाचं?

म्हणून ही गोष्ट फक्त बायकोला सांगायची असं ठरलं. येसूबाईंनी ती कुणालाच सांगितली नाही. त्यांनी साखरेचा डबा तेवढा वरच्या फळीवर ठेवला. शेजारचे महिपतराव वर्तमानपत्र मागायला आले, त्यांनी डबा पाहिला, मुराररावांचा काळा चहा पाहिला, आणि खुर्ची ओढून बसले. महिपतराव पोलीस जमादार म्हणून पेन्शनीत निघाले होते, पण तपास करायची खोड काही पेन्शनीत निघाली नव्हती.

"केव्हापासून?" त्यांनी विचारलं.

"काय केव्हापासून?"

"मुरारराव, मी दरोडेखोर बोलते केलेत."

मुरारराव बोलते झाले. मग महिपतरावांनी सल्ला दिला. मध चालतो, कारण तो माशीने अगोदरच पचवलेला असतो. काकवी चालते, कारण ती पातळ असते आणि वाहून जाते. रताळं जमिनीखाली होतं, त्याला ऊन लागत नाही, म्हणून तेही चालावं. हे तिन्ही मुराररावांनी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, हे तुम्हाला ज्याने सांगितलं त्याला माझ्याकडे पाठवा, त्याचीही नळी करू.

तेव्हा महिपतरावांनी शेवटचं अस्त्र काढलं. त्यांचा पुतण्या पांडू मुंबईत एका औषधांच्या दुकानात बांधाबांधीला होता. तो गणपतीला बोटीने दासगावच्या बंदरावर उतरला, तेव्हा त्याच्या खिशात एक चपटी बाटली होती आणि बाटलीत मुगाच्या डाळीएवढाल्या पांढऱ्या गोळ्या होत्या.

"काका, सॅकरीन. एकदम फर्स्टक्लास चीज," पांडू म्हणाला. "साखरेपेक्षा कैकपट स्ट्राँग. आणि बॉडीत राहत नाही. जशी आत जाते तशी बाहेर."

"मग मधल्या वेळात काय करते?" येसूबाईंनी विचारलं.

बायकांच्या प्रश्नाला उत्तर देण्याची त्या घरात पद्धत नव्हती, त्यामुळे तो प्रश्न तसाच राहिला. त्याचं उत्तर पुढे गोळ्यांनीच दिलं.

एका गोळीने कपभर चहा गोड होतो, असं बाटलीवर लिहिलं होतं. ते खरं होतं. पण तो गोडवा जिभेच्या शेंड्यावर गोड असायचा आणि घशाशी पोचेपर्यंत कुलूप चाटल्यासारखा लागायचा. कुलपाची चव मारायला मुरारराव आणखी एक गोळी टाकायचे. त्याने कुलूप मोठं व्हायचं. तिसऱ्या प्रहरी त्यांच्या पोटात जी हालचाल सुरू झाली, ती आत कुणीतरी शिसवी कपाट या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सरकवत असल्यासारखी होती. येसूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि दाराबाहेर डोकावून म्हणाल्या, "कुणी आलंय का हो?"

"कुणी नाही. मीच."

डॉक्टरांनी बाटली उजेडात धरून पाहिली. गोळी लवकर विरघळावी म्हणून तिच्यात सोडा असतो, त्याचा वारा धरतो, आणि काहींच्या पोटाला हा प्रकार मुळातच मानवत नाही, असं ते म्हणाले. "बेताने घ्या. नाहीतर गोडाचा नाद सोडा."

मुराररावांनी बेताने घ्यायचं ठरवलं. नाद सोडायचा विचार त्यांच्या मनात आला नाही, कारण समोर आणेवारीची फिरती होती.

आणेवारी म्हणजे पीक रुपयात किती आणे आलं याचा सरकारी अंदाज. तो कमी लिहिला गेला तर शेतसारा तहकूब होतो, जास्त लिहिला गेला तर वाडीला उन्हाळा जड जातो. अंदाज लिहिणारा सर्कल. त्यामुळे त्या दिवसांत सर्कलच्या चेहऱ्याकडे लोक आभाळाकडे पाहिल्यासारखे पाहत. भुवई कुठे चढली, सुपारी कुठे थुंकली, याचेही अर्थ लावले जात.

पोलादपूरच्या वर कातळवाडीला मुरारराव पोचले तेव्हा नाचणी कापणीला आली होती. मागे शिपाई भिकू दप्तर घेऊन होता. साळूबाईच्या पडवीत घोंगडी पडली. साळूबाई वाडीतली जाणती बाई. पाटील चांगूसुद्धा तिला विचारल्याशिवाय शिंकत नसे. तिने तांब्या ठेवला, वाटी ठेवली. वाटीतला गूळ नवा, पिवळा, जरा ओलसर होता. मुराररावांनी पाणी घेतलं आणि वाटी हाताने मागे सारली.

पडवीतलं बोलणं थांबलं.

"काय वो सायेब, गूळ नाय घेत?" साळूबाई म्हणाली.

"नको. चालत नाही."

"आमचा चालत नाय?"

"कुणाचाच चालत नाही."

हे सांत्वन म्हणून बोललेलं वाक्य होतं. वाडीने ते धमकी म्हणून ऐकलं. त्यात भिकूने तांब्यातल्या उरल्या पाण्यात, रोजच्या शिरस्त्याप्रमाणे, बाटलीतून दोन गोळ्या टाकल्या. गोळ्या फसफसल्या, मुराररावांनी ते पाणी डोळे मिटून घेतलं, आणि पाटील पिकाबद्दल सांगू लागला तोच कपाट सरकू लागलं. आवाज लांबलचक होता आणि शेवटाला वर चढत गेला. पाटलाने बोलणं तिथेच तोडलं.

"सायबांच्या पोटात राग हाय," कुणीतरी मागून हळूच म्हणालं.

मुराररावांना ते ऐकू आलं नाही. ते आपल्या विवंचनेत होते. डोंगरातल्या माणसांना झाडपाल्याची माहिती असते, असं महिपतराव म्हणाले होते. तेव्हा शेत पाहून परतताना त्यांनी चांगू पाटलाला बाजूला घेतलं आणि रोगाचं नाव न घेता शक्य तितक्या आडवळणाने विचारलं, "पाटील, गुळाऐवजी दुसरं काही गोड असतं का तुमच्याकडे?"

चांगू पाटलाने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. इतकी वर्षं या माणसाने गूळपाण्याच्या पुढे बोट टाकलं नव्हतं. पण माणूस आहे, घर आहे, वय होत आलं.

"आसतंय की सायेब," तो म्हणाला. "तुमी जावा. मी बघतंय काय ता."

हाच प्रश्न मुराररावांनी आणखी दोन-चार वाड्यांवर विचारला. सगळीकडे त्यांना तेच समजूतदार उत्तर मिळालं. डोंगरातली माणसं किती मनमोकळी असतात, असं ते भिकूला म्हणालेही. भिकूने मान डोलावली. सर्कलसाहेब इतक्या वर्षांनी शहाणे झाले, असं त्याला वाटत होतं आणि त्या आनंदात त्याला व्यत्यय आणायचा नव्हता.

फिरतीहून महाडला पोचले तर ओटीवर मधाची बुधली होती. कातळवाडीहून एक माणूस ठेवून गेला होता. मुराररावांनी ती त्याच पावली भिकूबरोबर परत पाठवली. बुधली परत आलेली पाहून कातळवाडीने पंचाईत भरवली आणि बुधली लहान पडली असा निकाल दिला. मग मोठी घागर आली. ती परत गेली. मग घागरीबरोबर केळ्याचा घड आला. दुसऱ्या वाडीने काकवीचा डबा पाठवला, तिसरीने गुळाची अख्खी ढेप, आणि एकाने तर मुंबईच्या भावाकडून मागवलेली विलायती पेपरमिटं आणली, कारण साहेब शिकलेले आहेत, त्यांना साधं आवडत नसेल. परत पाठवावा तसा जिन्नस वाढून येई.

"तुम्ही त्यांना नक्की काय सांगितलंत?" येसूबाईंनी विचारलं.

"काही नाही. गुळाऐवजी दुसरं काय आहे, एवढं विचारलं."

येसूबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, हेच वाक्य आपल्या मागच्या मामलेदारांचं होतं."

एका गोष्टीचा मात्र उपयोग झाला. कातळवाडीच्या वरच्या धनगरांपैकी एकाने प्रश्न सरळ अर्थाने घेतला होता. त्याने एका वेलीची पानं आणून दिली. ही चावली की साखरेचं नाव उरत नाही, असं तो म्हणाला. मुराररावांनी पान चावलं, येसूबाईंनी परीक्षेसाठी चिमूटभर साखर नवऱ्याच्या जिभेवर ठेवली, आणि ती त्यांना सावित्री नदीच्या काठच्या वाळूसारखी लागली. पानाने गोडाची जागा भरून काढली नव्हती, गोड नावाचा प्रकारच जगातून उठवला होता. तरीही मुरारराव ती पानं सकाळ-दुपार चावू लागले. निदान पोटात कपाट सरकत नव्हतं. आणि इच्छा झाली तरी उपयोग नाही, यात एक प्रकारची शांती असते. महिना असा गेला. पाय आग करेनासे झाले, रात्री उठणं कमी झालं. ही लक्षणं कुठल्या संकटाची होती, ते त्यांना प्रांतसाहेबांचा मुक्काम पोलादपूरला पडला तेव्हा कळलं.

प्रांतसाहेब तरुण होते, चष्मा लावत आणि कमी बोलत. मुराररावांनी मुजरा केला तेव्हा त्यांच्या तंबूत एका रांगेत मधाची घागर, काकवीचा डबा, गुळाची ढेप आणि पेपरमिटांचं पुडकं मांडलेलं होतं. शेवटचा परत पाठवलेला माल कुणीतरी जागेवर न नेता चावडीत टाकला होता, आणि तिथून त्याला पाय फुटले होते.

"भेलोसकर," साहेब म्हणाले, "हे सगळं तुमच्यासाठी आणलेलं आहे, असं चार गावचे लोक सांगतात. तक्रार म्हणून नव्हे. तुम्हाला ते पुरत का नाही, अशी त्यांची विचारणा आहे."

इतक्या वर्षांची एकूण एक न खाल्लेली कोंबडी मुराररावांच्या डोळ्यांपुढून गेली. आता लपवण्यात अर्थ नव्हता. त्यांनी सगळं सांगितलं, साखर, नळी, गोळ्या, कपाट. कपाटाच्या वेळी साहेबांचा कारकून खोकला.

"म्हणजे तुम्हाला मधुमेह आहे म्हणून तुम्ही गुळाचा पर्याय विचारलात?"

"होय साहेब."

"आणि तो तुम्ही आजवर कचेरीत कुणाला सांगितला नाही."

"नाही साहेब."

"सोयीचा रोग आहे," साहेब म्हणाले. "डॉक्टरांना बोलवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी महाडचे डॉक्टर नळी आणि दिवा घेऊन आले. तंबूसमोर चार वाड्यांची माणसं जमली होती. चांगू पाटील पुढे, साळूबाई त्याच्याही पुढे. मुराररावांनी ऐवज दिला. डॉक्टरांनी निळं औषध घेतलं, थेंब सोडले, नळी दिव्यावर धरली. मुरारराव त्या नळीकडे देवाच्या मूर्तीकडे पाहावं तसे पाहत होते. पाणी उकळलं. निळंच राहिलं. डॉक्टरांनी नळी हलवली, पुन्हा धरली. स्वच्छ, पावसानंतरच्या आभाळासारखं निळं.

"वा," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी मुराररावांचा हात हातात घेतला. "तुमच्यासारखं पथ्य मी उभ्या तालुक्यात पाहिलं नाही. एक कण नाही. अभिनंदन."

"डॉक्टर," प्रांतसाहेब म्हणाले, "ते अभिनंदन जरा लांबणीवर टाका. याचा अर्थ यांना रोग नाही?"

"रोग आहे. पथ्यामुळे साखर दिसत नाही."

"मला न दिसणारा पुरावा लिहिता येत नाही."

मुराररावांना आयुष्यात पहिल्यांदाच बरं झाल्याची लाज वाटली. ते पुढे झाले. "साहेब, मला उद्यापर्यंत वेळ द्या. मी रोग हजर करतो."

डॉक्टरांनी विरोध केला, मग एक वेळ चालेल म्हणाले, मग स्वतःच कुतूहलाने विचारू लागले की काय खाणार. तंबूत गुळाची ढेप समोर होती. पण ती खाल्ली असती तर लाच खाल्ल्यासारखी झाली असती, हे मुराररावांच्या ताबडतोब ध्यानात आलं. त्यांनी भिकूला दुकानातून गूळ आणायला पाठवलं. दुकानदाराने सर्कलसाहेबांकडून पैसे घेण्याचं नाकारलं, म्हणून भिकू रिकाम्या हाताने परत आला. शेवटी मुरारराव प्रांतसाहेबांच्या कारकुनाला साक्षीला घेऊन स्वतः गेले आणि लोकांच्या देखत पैसे मोजून गूळ विकत घेतला. पोलादपूरच्या बाजारात सरकारी अंमलदाराने पैसे देऊन वस्तू घेण्याचा तो प्रकार पाहायला शेजारची दुकानं रिकामी झाली.

चावडीच्या ओट्यावर ते गूळ पुढे घेऊन बसले. किती दिवसांनी. वास आला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. हे कर्तव्य आहे, आपण नावासाठी करतो आहोत, असं त्यांनी स्वतःला सांगितलं, भला मोठा खडा मोडला आणि तोंडात टाकला.

तो मातीसारखा लागला.

नळी निळी निघाल्याच्या घाबरगुंडीत त्यांनी सवयीने खिशातली ती पानं मूठभर चावली होती. आता थांबून चालणार नव्हतं. डॉक्टरांनी भरपूर खा म्हणून सांगितलं होतं, आणि समोर कारकून घड्याळ घेऊन होता. मुरारराव खडे मोडत गेले, चावत गेले, गिळत गेले. पोलादपूरचा उत्तम पिवळा गूळ त्यांनी सारवलेल्या भुईची ढेकळं खावीत तसा खाल्ला. पाहणाऱ्यांना त्यांचा चेहरा पाहून खात्री पटू लागली की या माणसाला गोड खरोखरच आवडत नाही. जिभेवरचा पानाचा अंमल उतरला तेव्हा गुळाचा शेवटचा तुकडा हातात होता. तो त्यांनी जिभेला लावला. गोड लागला. पण पोटात मोहरीएवढी जागा उरली नव्हती, आणि तुकडा हातात तसाच धरून ते बसून राहिले.

दुसऱ्या सकाळी नळी तांबडी झाली. डॉक्टर म्हणाले, असा रंग पुस्तकातल्या चित्रातही नसतो. मुराररावांनी डोळे पुसले. गर्दीत कुणीतरी "हाय, हाय, साखर हाय" असं मागच्यांना सांगितलं आणि ती बातमी ओढ्यापलीकडे गेली.

प्रांतसाहेबांनी नळीकडे चष्म्यातून आणि चष्म्यावरून पाहिलं. मग ते बाहेर येऊन लोकांना म्हणाले की सर्कलसाहेबांनी काही मागितलेलं नाही, त्यांचा हात स्वच्छ आहे, त्यांना आजार आहे, आणि यापुढे त्यांच्यापुढे कुणी गोड ठेवू नये. मुराररावांना ते वाक्य सनदेसारखं वाटलं. आत डॉक्टर त्यांना गूळ बंद, साखर बंद, भात निम्मा, हे पुन्हा पहिल्यापासून सांगत होते. त्यांनी ते समाधानाने ऐकलं.

राहिलेली आणेवारी पुरी करायला ते कातळवाडीला गेले. डोकं ताठ होतं, पोट शांत होतं. साळूबाईच्या पडवीत घोंगडी पडली. तांब्या आला. वाटी आली नाही, त्याऐवजी काठोकाठ भरलेला पितळी पेला आला. आत काळपट हिरवं पाणी होतं.

"हे काय?"

"काडेचिराईत, नि कडू कारल्याचा रस," साळूबाई म्हणाली. "गोड ठेवायचा नाय, मोठं सायेब बोललंत. पन दारात आल्याला मानूस कोरडा कसा जाईल? घेवा."

"अहो, पण मला याची गरज..."

"आमचं नाय घेत?"

पडवीतलं बोलणं थांबलं. चांगू पाटील त्यांच्या भुवयांकडे पाहत होता. मुराररावांनी पेला उचलला, भिंतीकडे तोंड केलं आणि एका दमात रिकामा केला. पडवीतल्या माणसांनी श्वास सोडला.

"आता शेजारी चला," पाटील म्हणाला. "थयंपन रस करून ठेवलाय."

त्या दिवशी त्यांनी वाडीतलं एकही घर चुकवलं नाही. संध्याकाळी ओढ्याकाठच्या दगडावर बसून त्यांनी पिकाचा अंदाज लिहिला. त्या वर्षी पीक खरंच उतरलं होतं, म्हणून जितके आणे होते तितकेच लिहिले, एक पै वर नाही की खाली नाही. सारा तहकूब झाला. कातळवाडीत त्या दिवशी फार समाधान पसरलं. साहेबांना नेमकं काय लागतं ते इतक्या दिवसांनी कळलं, असं चांगू पाटील म्हणाला, आणि पुढच्या सालासाठी याहून कडू पाला कुठे मिळतो ते पाहायला दोन माणसं वरच्या रानात गेली.